नऊ पुरुष शेडी

तारूबाय गुरवणीनं माझे चोवीस जिओफोन मुळे उपटावेत तसे उपटले, शेणाच्या पाटीत भरले आणि भर दुपारी माझ्या पायाशी आणून ओतले.

"घे तुजी खिळं," ती म्हणाली. "परत बायकांच्या कुंडाकडं दिसलीस तर तंगडी मोडून हातात देईन."

जिओफोन म्हणजे मुठीएवढी डबी आणि तिच्या बुडाला बोटभर खिळा. जमिनीत रोवली की जमिनीतला बारीकसा हादराही ती टिपते. परदेशातून मागवलेला माल, आणि सगळा शेणानं बरबटलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"परवानगीचा कागद आहे आमच्याकडे," मी म्हणाले. "पोलिसांत देईन."

"दे की! फौजदाराची बायको बाळंतपनात माज्याच हातानं न्हालीय. त्येला जाऊन इचार तारूबाय कोन ते. आनी पयली ती विजार बदल. बाप्या हाय का बाई पत्ता नाय, आनी चालली कुंडाच्या पायरीवर."

तिच्यामागं पायरीवर बसलेल्या बायका खो खो हसल्या. माझी माणसंही गालातल्या गालात हसत होती, ते मला दिसलं. मी खाली बसून एकेक डबी रुमालानं पुसायला लागले. तिच्याशी माझं वैर जमलं ते त्या क्षणी.

ही गोष्ट सत्त्याऐंशीच्या मे महिन्यातली. गाव तापवली, कोकणात, घाट उतरून दोन तास. गावात गरम पाण्याची दोन कुंडं होती. देवळाजवळचं पुरुषांचं आणि खालच्या अंगाला, गडग्याआड, म्हणजे दगडी कुंपणाआड, बायकांचं. बायकांच्या कुंडाची सगळी सत्ता तारूबायकडे. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, अंगानं काटकुळी, आवाज मात्र नदीपलीकडे ऐकू जाईल असा. आसपासच्या पाच गावांतली बाळंतीण बाराव्या दिवशी त्या कुंडावर यायची आणि तिची पहिली आंघोळ तारूबायच घालायची. तो तिचा मान. भातलावणीनं कंबर धरलेल्या बायका, संधिवाताच्या म्हाताऱ्या, सगळ्या तिथंच.

आम्ही पुण्याच्या एका कंपनीची अकरा माणसं. गावाखाली वाफ आहे का आणि तिच्यावर वीज होईल का ते बघायला आलो होतो. शाळेला सुट्टी होती, म्हणून मुक्काम शाळेत. आमचे साहेब खासनीस, दम्याचा माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. आणि मी शालन बंडगर, जत तालुक्यातली, वय पंचवीस. पहिलीच नोकरी आणि नाकावर माशी बसू न देण्याची जुनी खोड.

काम सांगायला सोपं. जमिनीत भोक पाडून त्यात सुरुंगाची लहानशी कांडी उडवायची. हादरा खाली जातो, खडकावर आपटून परत येतो. किती वेळात आला ते यंत्र कागदावर रेघा मारून सांगतं. उशिरा आला तर खडक खोल, लवकर आला तर वर. जिथं खडक खचलेला, भंगलेला दिसेल तिथून गरम पाणी वर चढत असणार. मग तिथं खोल बोअर मारायची.

गोम एकच होती, वरच्या पहिल्या काही मीटरांची. मऊ मातीत हादरा रेंगाळतो. वरचा मऊ थर किती जाड आहे ते मोजून तेवढा उशीर वजा केला नाही, तर खालचा ठणठणीत सपाट खडकसुद्धा कागदावर खचलेला दिसतो. तो वरचा थर मोजायचं काम माझं होतं. त्या वहीवर सही माझी एकटीची असे.

आणि त्या कामाचा मला भारी ताठा होता. माझे आण्णा विहिरी पाडायचे. जतपासून मंगळवेढ्यापर्यंत दोनशे विहिरी त्यांच्या पहारीखालून गेलेल्या. आधी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. "पोरी, एकदा खण्ण वाजलं की खाली दगडच. तो पाताळापर्यंत," असं ते सांगायचे. कॉलेजच्या पुस्तकात आणखी बरंच काही होतं, पण पुस्तकापेक्षा आण्णांच्या पहारीवर माझा भरवसा जास्त. तापवलीत तारूबायच्या दळ्यात, म्हणजे कुंडावरच्या भातखाचरात, मी भोक मारलं तेव्हा तीन मीटरवर खण्ण वाजलं. भुकटी तांबडी आली. तांबड्या मातीतून वर येताना रंगली असेल, असं म्हणून मी वहीत लिहिलं: तीन मीटर, कातळ. भोक तिथंच थांबवलं.

जिओफोन धुऊन, पुन्हा रोवून, दोन पोलीस गडग्यावर बसवून आम्ही ओळ पुरी केली. आठ दिवसांत साहेबांच्या कागदावर चित्र उमटलं. तारूबायच्या दळ्याखाली खडक चांगला खचलेला दिसत होता. साहेब खूश झाले. त्यांनी स्वतः जाऊन दळ्यात चुन्याची पांढरी फुली मारली. बोअरची जागा. तिथून बायकांचं कुंड अवघी तीस पावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तारूबाय फुलीवर फतकल मारून बसलेली. मांडीवर सूप, सुपात तांदूळ, आणि ती शांतपणे खडे निवडतेय.

"उठा," मी म्हणाले.

"का? कुंडाच्या उशाशी भोक पाडाया? पानी गेलं म्हंजे बाळंतिनींना काय तुज्या पुन्याला धाडू?"

"पाण्याला काही होत नाही. इथं खाली खडक खचलाय. इथून हादरा उशिरा परत येतो."

"येनारच उशिरा. शेडीत रुतत असंल." तिनं खडा उचलून माझ्या बुटाच्या दिशेनं टाकला.

"कसली शेडी?"

आता तिनं मान वर केली. माझ्याकडं असं बघितलं, जणू मी शाळेत पाटी विसरून आलेय.

"जांब्याखालची. पांढरी मऊ माती. ती म्हाईत नाय, आनी जमिनीच्या पोटातलं सांगाया आलीस?"

"इथं तीन मीटरवर कातळ आहे. मी स्वतः भोक मारलंय."

"तो जांबा गो, घाटणी! वरती जांबा, त्येच्या पोटात शेडी, आनी कातळ नऊ पुरुष खालती."

पुरुष म्हणजे एक उभा माणूस. आमच्याकडं त्याला परस म्हणतात, पण खोली तीच.

"माझ्या वडलांनी दोनशे विहिरी पाडल्यात," मी म्हणाले. "दगडाखाली लोणी असतं असं त्यांनी कधी सांगितलं नाही."

"तुज्या मुलखात पाडल्या असतील. हितं एक पाडली असती तर पोरीला शानी करून धाडली असती."

बापावर गेली म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. "तोंड सांभाळून बोल," मी म्हणाले. पहिल्यांदाच तिला एकेरीत बोलले. माझ्या आईपेक्षा मोठी बाई. तिला त्याचं काही वाटलं नाही. ती उठली, सूप गडग्यावर ठेवलं, पदर खोचला.

"शिवलकराची हीर खनतायत पल्याडच्या परड्यात. ह्याच दळ्याच्या टोकाला. दम हाय अंगात तर चल. उतर आनी डोळ्यांनी बग."

मला मागं हटणं शक्य नव्हतं. शिवलकराचं परडं दीडशे पावलांवर. विहिरीवर चार गडी होते. तारूबायनं त्यांना हुकूम सोडला, त्यांनी दोर माझ्या कमरेला बांधला आणि मला खाली सोडलं.

आधी माती गेली. मग जांभा, तांबडा, भोकाभोकांचा, पहारीला दाद न देणारा. तो एक पुरुषभर होता. आणि तो संपला. माझ्या समोरची भिंत पांढरी झाली, मधूनच गुलाबी, ओलसर. मी बोट लावलं तर बोट पेरापर्यंत आत गेलं. जसजशी खाली जात होते तसतशी ती पांढरी भिंत माझ्याबरोबर खाली येत होती. तळाला एकजण फावड्यानं शेडी ओढून घमेल्यात भरत होता. पहार कोपऱ्यात नुसती उभी होती.

"कातळ लागला का?" मी त्याला विचारलं.

"नाय अजून. येक-दोन पुरुष असंल. वरचा जांबा फोडताना हाल झाले, आता काय, मऊच हाय."

तळाशी उभी राहून मी वर बघितलं. मला सगळं कळलं. हादरा ह्या पांढऱ्या मातीतून जाताना आणि येताना दोनदा रखडला होता. ती पंधरा-सोळा मीटरपर्यंत खाली गेलेली आणि माझ्या वहीत तिला जागाच नव्हती. खाली काहीही खचलं नव्हतं. माझी वही चुकली होती, म्हणून साहेबांचं चित्र चुकलं होतं, म्हणून ती फुली तिथं पडली होती.

काठावरून तारूबायचं डोकं डोकावलं. "काय दिसतंय गो?"

"चिखल," मी म्हणाले.

वर आले तेव्हा माझी विजार गुडघ्यापर्यंत पांढरी झालेली. तारूबाय कमरेवर हात ठेवून उभी होती. ती हसली नाही, इतकं मला आठवतं. "मंग? पुसनार ना फुली?" तिनं विचारलं. मी दोर सोडला आणि शाळेकडं चालू लागले.

दुपारभर वही मांडीवर घेऊन बसले. एका ओळीची खाडाखोड पुरली असती. संध्याकाळी देवळाच्या मंडपात गावाची बैठक होती. साहेबांनीच बोलावली होती. गावाला विश्वासात घेतल्याशिवाय यंत्र लावायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. तिथं सांगू, असं मी ठरवलं. खरंच ठरवलं होतं.

बैठकीला सगळा गाव लोटला. पुरुष मंडपात, बायका बाहेर ओट्यावर. साहेब बोलले, सरपंच बोलले, शाळेला दिवे येतील वगैरे झालं. मग तारूबाय ओट्यावरून उठून तडक मंडपात, पुरुषांच्या मधोमध आली. कुणाची अडवायची छाती झाली नाही.

"सायेब, तुमी भला मानूस दिसता," ती म्हणाली. "फुली चुकलीय. खालती शेडी हाय नऊ पुरुष. हिला मी सकाळी दावलीय. इचारा."

साहेब माझ्याकडं वळले. इनहेलर खिशात ठेवला आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बंडगर, ह्यांच्या म्हणण्यात तथ्य असेल तर आपण थांबू. अजून एक खोल भोक मारू. चार दिवस जातील. जाऊ देत, काही बिघडत नाही. तुम्ही सांगाल तसं."

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. तेवढ्यात तारूबायनं पदराची गाठ सोडली, आतून शेडीचा पांढरा गोळा काढला आणि माझ्यासमोर जमिनीवर थापकन टाकला.

"वळख हिला," ती म्हणाली. "वळख पटत नसंल तर बापाला पत्र टाक. दोनशे हिरी पाडल्यात म्हनं त्येनं!"

मंडप हसला. ओटा हसला. माझ्या हाताखालची झाडून सगळी माणसं हसली. कानशिलं तापली माझी, डोळ्यांपुढं ती एकटी बाई उरली.

"शिवलकरांची विहीर दीडशे पावलांवर आहे, सर," मी म्हणाले. "तिथली माती इथं असलीच पाहिजे असं नाही. फुलीखाली तीन मीटरवर कातळ आहे. भोक मी मारलंय, वहीवर माझी सही आहे."

"नक्की?"

"नक्की."

तारूबायचं तोंड उघडंच राहिलं. एवढं तिला वाटलं नव्हतं. तिनं माझ्या बुटांकडं बघितलं. शेडीचे डाग तसेच होते. ती दोनदा काही बोलायला गेली, पण तोवर सरपंचांनी हात जोडून "ठीक आहे, मॅडम शिकलेल्या आहेत," म्हणून बैठक आटोपती घेतली होती.

चौथ्या दिवशी बोअरचं यंत्र आलं. साहेब रत्नागिरीला फोन करायला गेले होते. दुपारी तीन मीटरवर खण्ण वाजलं आणि यंत्रावरचा रहीम मिस्त्री माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमचा कातळ आला, मॅडम." मी मान डोलावली. पुढं तासाभरात बोअरची लोखंडी काठी एकाएकी सैल झाली आणि आपल्या वजनानं सरसर खाली जायला लागली.

"हे काय?" मिस्त्रीनं यंत्र मंद केलं. "मॅडम, कातळाखाली माती कशी? लोखंडी नळी उतरवल्याशिवाय पुढं जाऊ नये. थांबवू?"

गडग्यापलीकडे तारूबाय उभी होती. सकाळपासून तिथंच होती. ती बघतेय हे मला पाठीला जाणवत होतं.

"भेग असेल," मी म्हणाले. "चालू ठेवा."

बोअरमध्ये काठी थंड राहावी आणि भिंत धरावी म्हणून वरून दाट चिखलपाणी सोडत राहतात. ते फिरून वर येतं. सोळा-सतरा मीटरवर ते वर यायचं थांबलं. मिस्त्रीनं टाकी रिकामी केली, दुसरी केली. सगळं खाली कुठंतरी जात होतं. मग गडग्याआडून बायकांचा ओरडा ऐकू आला. मी धावले. कुंडात ताकासारखं पांढरं पाणी चढत होतं. बायका ओल्या लुगड्यांनी पायऱ्यांवर पळत होत्या.

यंत्र बंद केलं तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. ज्या भेगेतून कुंडाला पाणी यायचं ती आमच्या चिखलानं आणि ढासळलेल्या शेडीनं बुजली. तिसऱ्या दिवशी कुंड निवळलं, पण पाणी कोमट. आठव्या दिवशी ते विहिरीच्या पाण्यासारखं गार होतं. देवळाजवळचं पुरुषांचं कुंड मात्र पहिल्यासारखं वाफाळत होतं.

साहेबांनी बोअरमधून निघालेल्या मातीची घमेली ओळीनं मांडून घेतली. एकेकात बोट घालून बघितलं. मग माझी वही मागितली.

"तीन मीटर," ते म्हणाले. "तुम्ही विहिरीत उतरला होता?"

"हो, सर."

"बैठकीआधी?"

"हो."

त्यांनी वही मिटली. "मी चार दिवस देत होतो ना तुम्हाला?" एवढंच म्हणाले. अहवालात 'अनपेक्षित मऊ थर' असं गेलं. माझी बदली झाली, आणि पुढं बढतीही झाली.

पुढं कधी विषय निघाला तर मी सांगत आले, की नवी नोकरी होती, वरून दबाव होता, बाईमाणूस म्हणून आधीच सगळे टपलेले. साफ खोटं. दबाव कुणाचा नव्हता. साहेबांनी सगळ्या गावासमोर मला सुटायला वाट करून दिली होती. मला फक्त त्या बाईला जिंकू द्यायचं नव्हतं. तेवढ्यासाठी पाच गावांच्या बायकांचं पाणी मी घालवलं.

गाव सोडायच्या दिवशी सकाळी तिच्या घरी गेले. जीप वर रस्त्याला उभी होती. ती अंगणात लाकडं फोडत होती, शेजारी तीन दगडांची चूल नव्यानं मांडलेली, वर मोठा हंडा. ओटीवर पाळण्यात तान्हं पोर रडत होतं आणि भिंतीला टेकून कुणाची तरी बारा दिवसांची बाळंतीण डोळे मिटून बसली होती.

ती आता कुऱ्हाड घेऊन अंगावर येईल, अशी मी तयारी केली होती. आली असती तर बरं झालं असतं.

"तारूबाय," मी म्हणाले, "तुमचं खरं होतं. मला माहीत होतं. मंडपातसुद्धा माहीत होतं."

तिनं कुऱ्हाड ओंडक्यात तशीच राहू दिली आणि माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग शोधत होते मी, तो नव्हता.

"मला कुटं खरं ठरायचं हुतं गो?" ती म्हणाली. "मला पानी होवं हुतं."

मग तिनं कुऱ्हाड उपसली आणि पुढचं लाकूड ओढून घेतलं. हंडा मोठा होता, आणि अजून त्याला पुरेल इतकी लाकडं फोडून झाली नव्हती.